पुढचं डावं शिंग

दातांच्या डॉक्टरबाईंनी गाडी गॅरेजात आणली ती साखळीने ओढत. बत्तीस वर्षं बंद शेडमध्ये उभी असलेली गाडी, दुसरं काय करणार? टायर बसलेले, गाद्यांमध्ये उंदरांनी संसार थाटलेले, काचांवर बोटभर धूळ. पण भिंगने ना चाकांकडे पाहिलं, ना इंजिनाकडे. तो सरळ पुढे जाऊन उकिडवा बसला आणि बंपरवरून त्याने हळूच हात फिरवला. गॅरेजातल्या माणसांना ते ओळखीचं होतं. आता तासभर या माणसाशी बोलण्यात अर्थ नाही, म्हणून ते आपापल्या कामाला लागले.

भिंग हे काही त्याचं खरं नाव नव्हे. खरं नाव आता आईच्या तोंडी आणि विजेच्या बिलावर, एवढ्यापुरतंच उरलं होतं. जुन्या गाडीचा कुठलाही भाग त्याच्या हातात द्या, हा बाबा तो उलटा करणार, नखाने खरवडणार, उजेडात धरणार आणि सांगणार की हा मूळचा, हा नंतरचा, आणि हा कुणीतरी तुमच्या गळ्यात मारलाय. चुकायचा नाही. लोक लांबून यायचे, आणि याने मान आडवी हलवली की त्यांची तोंडं एवढीशी व्हायची. त्याला त्यात मजा यायची, खोटं कशाला बोला.

गाडी डॉक्टरबाईंच्या वडिलांची. वडील गेले, शेड पाडायची वेळ आली, आणि जुन्या गाड्यांच्या एका संग्रहालयाने ती मागितली. संग्रहालयाची अट एकच होती. बाहेरून दिसणारा प्रत्येक भाग मूळचा हवा, आणि तसं भिंगने लिहून द्यायला हवं. सांगाडा, दारं, दिवे सगळं ठीक होतं. पण बाईंनी चाळीस वर्षं लोकांच्या जबड्यात डोकावून काढलेली, त्यांची नजर काही कमी नव्हती. त्या बंपरपाशी वाकल्या आणि म्हणाल्या, "यातलं हे एक मला बसवलेलं वाटतं. बाकीच्यांपेक्षा जरा जास्तच नीट आहे."

बंपर म्हणजे पुढची आणि मागची आडवी चकचकीत पट्टी, एवढं सगळ्यांनाच माहीत असतं. पण त्या काळच्या गाड्यांना त्या पट्टीवर पुढे दोन आणि मागे दोन असे वीतभर उंचीचे, जाड पत्र्याचे उभे तुकडे असायचे. दुसरी गाडी येऊन आदळली तर मार त्यांनी खायचा, पट्टीने नाही. गॅरेजात त्यांना शिंगं म्हणतात. बाईंनी बोट ठेवलं होतं ते पुढचं डावं शिंग होतं.

दोन दिवस गंजलेल्या बोल्टांना तेल पाजून भिंगने पट्ट्या उतरवल्या आणि चारही शिंगं टेबलावर गोणपाटावर मांडली. तीन शिंगांची पाठ पुसल्यावर आत ठोकलेला नंबर निघाला, कंपनीच्या जुन्या पुस्तकातला, आकड्याला आकडा जुळणारा. त्यांची चकाकी थोडी पिवळसर होती, कारण त्या काळी वरच्या थराखाली निकेल जाड द्यायचे. चौथ्याची चकाकी निळसर. बोल्टाचे आटे वेगळे. नंबर नाही. पण काम मात्र असं देखणं, की भिंगच्या तोंडून "वा" निघून गेलं. हाताने पत्रा ठोकून, घासून, वाकवून हे कुणी केलं असेल? त्याने पाठीवरचा गंज पुसला, आणि कोपऱ्यात त्याला शेजारी शेजारी दोन ठिपके दिसले.

ते ठिपके पाहून त्याला हसूच आलं. अरे, हे तर उस्तादांचं काम!

उस्ताद म्हणजे ज्यांनी भिंगला हा सगळा धंदा शिकवला ते. गॅरेज त्यांचंच. हात थरथरायला लागले तेव्हा त्यांनी किल्ल्या भिंगच्या हातात ठेवल्या, पण यायचं काही सोडलं नाही. रोज अकराला यायचे, लेथशेजारच्या लाकडी खुर्चीत बसायचे, दोन कप चहा प्यायचे आणि सगळ्यांच्या कामाला नावं ठेवून चारला घरी जायचे. त्यांचा एक नियम होता. मूळ भाग मिळत नसेल तर हाताने नवा बनवा, खुशाल बनवा, पण त्याच्या पाठीवर पंचने दोन ठिपके द्या. पुढे कुणाला तरी कळलं पाहिजे की हे आपलं आहे, कंपनीचं नाही. हा नियम भिंगच्या हाडीमासी मुरला होता. उस्ताद म्हणजे त्याला वडिलांच्या जागी होते. हे तो कधी तोंडाने बोलला नसेल, पण होते.

तो शिंग घेऊन कौतुकाने खुर्चीपाशी गेला आणि म्हणाला, उस्ताद, हे बघा काय सापडलं, तुमचं बाळ आहे. उस्तादांनी ते हातात घेतलं. उलटं केलं. ठिपक्यांवरून अंगठा फिरवला. मग गाडीकडे पाहिलं, आणि बराच वेळ पाहत राहिले. गाडी त्यांच्या खुर्चीकडे पाठ करून उभी होती, आणि तिच्यावर ताडपत्री होती, म्हणून दोन दिवस त्यांना ती नीट दिसलीच नव्हती.

"आठवत नाही," ते म्हणाले आणि शिंग परत दिलं.

भिंग तोंडात मारल्यासारखा उभा राहिला. ज्या माणसाला चाळीस वर्षांपूर्वी कुठल्या गाडीला कुठल्या मापाचा बोल्ट घातला ते आठवतं, त्याला स्वतः घडवलेलं शिंग आठवू नये? उस्तादांनी चहा अर्धा टाकला आणि त्या दिवशी ते दीड वाजताच घरी गेले. झालं, म्हातारपण आलं, असं भिंगला वाटलं. दुसरं काही वाटलं नाही, बिचाऱ्याला.

मग मूळ शिंगाचा शोध सुरू झाला. या मॉडेलच्या गाड्या आल्याच होत्या मोजक्या, गावात तेव्हा दोनच होत्या म्हणे, आणि भिंगच्या हाताखालून तर एकही गेली नव्हती. त्याने भंगारवाल्यांना फोन केले, जुन्या गाड्या जमवणाऱ्या शौकिनांना फोन केले. उजवं मिळत होतं, मागचं मिळत होतं, पण पुढचं डावं काही मिळेना. एका शौकिनाने सांगितलं की नमुना दाखव, माझ्या पेट्यांमध्ये बघतो. म्हणून शोधाच्या सहाव्या दिवशी दुपारी भिंगने पुढचं उजवं शिंग पिशवीत घातलं, म्हटलं जेवून पुढे जाऊ, आणि तो घरी आला.

आता त्या घराच्या दाराबद्दल सांगायला हवं. दार मूळचंच वाकडं. सोडलं की आपोआप फिरायचं आणि धाडकन आपटायचं. म्हणून आई दाराशी एक लोखंडाचा तुकडा लावून ठेवायची. दर दोन-तीन वर्षांनी ती दाराला हाताने ऑइलपेंट द्यायची आणि कुंचल्यात उरलेला रंग त्या तुकड्याला फासायची, गंजू नये म्हणून. दार निळं होतं तेव्हा तुकडा निळा. सध्या दोघं हिरवे होते.

तो तुकडा म्हणजे भिंगचे वडील गेले त्या दिवसाची घरात उरलेली एकमेव वस्तू होती. वडील छापखान्यात खिळे जुळवायचे. भिंग नऊ वर्षांचा असताना एका दुपारी सायकलवरून घरी येत होते. एका गाडीने त्यांना उडवलं, गाडी कडेच्या दगडाला घासली आणि निघून गेली. गाडी कुणी पाहिली नाही. रस्त्यावर हे एक शिंग तेवढं तुटून पडलं होतं. पोलिसांनी ते गावातल्या सगळ्यात जाणत्या माणसाला दाखवलं, म्हणजे उस्तादांना. उस्तादांनी सांगितलं, मोठी सहा सिलिंडरवाली गाडी आहे. पोलिसांनी तसल्या सगळ्या गाड्या तपासल्या, एकही सापडली नाही, आणि चार महिन्यांनी शिंग आईच्या हातात परत दिलं.

चौदा वर्षांचा झाल्यावर भिंग तेच शिंग पिशवीत घालून स्वतः उस्तादांकडे गेला होता. ही गाडी मला शोधायची आहे, म्हणाला. उस्तादांनी शिंग पुन्हा पाहिलं आणि पुन्हा तेच सांगितलं. मोठी सहा सिलिंडरवाली, अशा शेकडो आहेत, कुठे शोधशील? त्यापेक्षा काम शिकायला ये. भिंग दुसऱ्या दिवसापासून जायला लागला. पुढे त्याने हजारो भाग ओळखले, पण दाराशी पडलेलं ते शिंग परत कधी उलटं करून पाहिलं नाही. उस्तादांनी एकदा नाही, दोनदा सांगितलेलं होतं. त्यावर आणखी काय बघायचं?

तर त्या दुपारी भिंगने दारात चपला काढल्या. पिशवी फाटकी होती, तिच्यातून शिंग खाली घसरलं आणि घरंगळत दाराशी जाऊन थांबलं. तो उचलायला वाकला आणि तसाच राहिला.

दोन शिंगं शेजारी शेजारी पडली होती. एक चकचकीत, एक हिरवं. एक उजवीकडे झुकलेलं, एक डावीकडे. आरशात दिसावी तशी जोडी.

त्याने स्वयंपाकघरातून सुरी आणली आणि दारातच मांडी घालून रंग खरवडायला बसला. हिरवा निघाला, खाली तपकिरी, त्याखाली निळा, त्याखाली पुन्हा हिरवा. त्याच्या अख्ख्या लहानपणाची दारं निघत होती. सगळ्यात खाली पिवळसर चकाकी लागली. मग पाठ. तुटलेल्या बोल्टाचा बुंधा अजून तिथेच अडकलेला होता, आणि त्याच्या वर नंबर होता. उजव्या शिंगाच्या नंबरापेक्षा फक्त शेवटचा आकडा एकाने कमी.

आईने आतून विचारलं, काय करतोयस रे, जेवण निवतंय. हा म्हणाला, काही नाही. आई म्हणाली, तुला मुलगी दाखवली तर तिचाही नंबरच शोधत बसशील. रोजचीच थट्टा होती ती, रोज तो काहीतरी उलट बोलायचा. आज तो नंबरावर अंगठा फिरवत राहिला.

पहिल्यांदा त्याच्या डोक्यात आलं ते एवढंच: ही गाडी. गेले आठ दिवस मी हिला कुरवाळतोय, ती ही गाडी. त्याला शिसारी आली, हात पँटला पुसावेसे वाटले. मग दुसरा विचार आला, आणि तो हळूहळू आला. उस्ताद म्हणाले होते, सहा सिलिंडरवाली. ही तर चारची. उस्ताद चुकले? दोनदा चुकले? उस्ताद चुकत नाहीत. आणि मग ते दोन ठिपके आठवले. जी गाडी उस्तादांनी ओळखलीच नव्हती, तिच्या त्याच कोपऱ्यात, त्याच तुटलेल्या जागी, उस्तादांच्याच हातचं शिंग बसवलेलं होतं.

आई बाहेर येऊन पाहायला लागली तेव्हा तो उठला, दोन्ही शिंगं पिशवीत कोंबली आणि न जेवता बाहेर पडला. मागे दार धाडकन आपटलं.

माणसाचं मन कसं असतं बघा. रस्त्याने जाताना तो उस्तादांची वकिली करत होता. गिऱ्हाईक मोठं असेल. डॉक्टरबाईंच्या वडिलांनी हातापाया पडून गप्प राहायला सांगितलं असेल. चूक, पण माणूस घाबरतो. तो तसाच डॉक्टरबाईंच्या घरी गेला आणि गाडी शेवटची कधी चालली होती ते विचारलं. बाईंना चांगलं आठवत होतं. वडील महिनाभर परगावी गेले होते, जाताना गाडी ब्रेकच्या कामासाठी उस्तादांकडे सोडून गेले. परत आले तर गाडी धुऊन पुसून अंगणात उभी. पण मग ते आजारी पडले आणि गाडी शेडमध्ये गेली ती गेलीच. कुठलं वर्ष, कुठला महिना, तेही बाईंनी सांगितलं. भिंगला तो महिना कुणी सांगायची गरज नव्हती. बाईंनी त्याला पाणी दिलं, तब्येत विचारली, आणि त्याने काय उत्तर दिलं ते त्याचं त्यालाच कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने गॅरेजातल्या माणसांना सुट्टी दिली. मग एकट्याने काम सुरू केलं. तुटक्या बोल्टाचा बुंधा छिद्र पाडून काढला, आटे साफ केले, रबरी पट्टी घातली. त्याला वाटलं होतं हात थरथरतील, पण हात सरावाने चालत राहिले. पुढची पट्टी गाडीला लावली, शिंग जागेवर धरलं, नवा बोल्ट मागून फिरवला. एका दमात बसलं. इकडे तिकडे केसभरही नाही. पट्टीच्या खालच्या कडेला एक तिरका ओरखडा होता, वरून न दिसणारा, आणि तो शिंगापाशी येऊन अर्धवट थांबायचा. आता तो थांबला नाही. पट्टीवरून शिंगावर गेला आणि तिथे संपला. त्या दगडाने एकाच झटक्यात दोघांवर ओढलेली रेघ होती ती.

भिंग जमिनीवर बसला आणि त्या रेघेकडे बघत ढसाढसा रडला. नऊ वर्षांचा असताना रडला नव्हता एवढा रडला.

अकरा वाजता उस्ताद आले. रिकामं गॅरेज पाहून दारात थबकले. मग त्यांचं लक्ष गाडीकडे गेलं, ताडपत्री काढलेली होती आणि तोंड दाराकडे केलेलं होतं. पुढचं डावं शिंग अजून अर्धं हिरवं होतं. उस्ताद पुढे आले, शिंगाला हात न लावता त्याच्याकडे बघत राहिले, आणि मग लेथचा आधार घेत घेत आपल्या खुर्चीपर्यंत गेले.

"फार वर्षं लावलीस," ते म्हणाले.

भिंगला वाटलं होतं, म्हातारा नाकारेल. शपथा घेईल, रडेल, पायाशी बसेल. या सगळ्याची तयारी त्याने केली होती. याची नव्हती केली.

उस्तादांनी मग सगळं सांगितलं, न थांबता, जसं कामाबद्दल सांगायचे तसं. ब्रेकचं काम झालं होतं. पण नळीतली हवा नीट काढायची राहिली होती. ट्रायल घ्यायला गाडी बाहेर काढली, उतारावर पेडल दाबलं, ते सरळ खाली गेलं. समोर सायकल होती. गाडी दगडाला घासून पुढे गेली. हळू झाली होती, थांबवता आली असती, पण त्यांनी गियर टाकला आणि निघाले. शिंग पडल्याचं गॅरेजात आल्यावर लक्षात आलं. तीन दिवस खपून दुसरं घडवलं. पाचव्या दिवशी पोलीस खरं शिंग घेऊन दारात हजर. त्यांनी विचारलं आणि तोंडातून जे निघालं ते निघालं.

"मग माझ्याशी का खोटं बोललात? मी तर पोर होतो."

"म्हणून तर काम शिकवलं," उस्ताद म्हणाले. "मला तोंडाने सांगायची छाती झाली नाही. म्हटलं, याला सगळं शिकवू. नंबर कुठे असतो, चकाकी कशी बघायची, डावं-उजवं कसं कळतं. एक दिवस हा स्वतःच ओळखेल. आज ओळखेल, उद्या ओळखेल, रोज वाट बघायचो. तू दुनियेचे भाग ओळखलेस रे. दाराशी पडलेलं उलटं करून बघितलं नाहीस."

भिंग त्यांच्या खुर्चीसमोर येऊन उभा राहिला.

"तुम्ही सांगितलं होतं ना, उस्ताद. तुम्ही सांगितल्यावर मी परत कशाला बघू?"

त्यावर मात्र म्हाताऱ्याचा चेहरा कोसळला. पोलिसांचं सांगताना न हललेला चेहरा, तो या एका वाक्याने कोसळला. त्यांनी दोन्ही हात तोंडावर घेतले. भिंगला त्यांचा गळा धरावासा वाटला, आणि त्याच क्षणी, सवयीने, त्यांना पाणी द्यावंसं वाटलं. त्याने दोन्हीतलं काही केलं नाही. तो एवढंच म्हणाला की आईला सांगायचं आहे आणि मी सांगणार नाही. उस्ताद उठले.

दोघं चालत निघाले. दोन गल्ल्यांचं अंतर, पण त्या दिवशी फार लांब होतं. पूर्वी उस्ताद अडखळले की भिंग दंडाला धरायचा. आज धरलं नाही. एकदा ते फुटपाथच्या कडेला चांगलेच डगमगले, तेव्हा भिंगने दुसरीकडे पाहिलं आणि मग दिवसभर त्याला त्याचीच लाज वाटत राहिली. लाज का वाटावी, याचाही राग आला.

उस्ताद या घरी इतक्या वर्षांत शंभरदा तरी आले असतील, पण उंबऱ्याच्या आत कधी आले नव्हते. गुडघे दुखतात म्हणायचे. घर तळमजल्यावर, आत एक पायरी नाही, आणि गुडघे दुखतात. आई दर वेळी आग्रह करायची, हे दर वेळी दारातूनच परत जायचे. दारात काय पडलेलं असायचं ते आता भिंगला कळत होतं.

आईने दार उघडलं आणि नेहमीसारखं म्हणाली, आत या. उस्ताद आत आले. आईला नवल वाटलं, ती खुर्ची पुढे करायला वळली, तेवढ्यात दार फिरायला लागलं. दाराशी तुकडा नव्हता. उस्तादांनी ते हाताने अडवलं. आई म्हणाली, बसा हो, काल याने दाराचा तुकडाच कुठे नेलाय, आपटू द्या. उस्ताद म्हणाले, असू दे, मी धरतो. आणि त्यांनी एका हाताने दार धरून, उभ्याउभ्या सगळं सांगितलं.

आई खुर्चीची पाठ धरून ऐकत होती. तिचा चेहरा नुसता पांढरा होत गेला. या माणसाला तिने दर वर्षी लोणच्याची बरणी पाठवली होती. पोराला पायावर उभं केलं म्हणून चार लोकांत त्याचे गुण गायले होते. उस्तादांचं सांगून संपलं तरी त्यांनी दार धरूनच ठेवलं होतं.

मग तिने एकच विचारलं. "तुम्ही उतरला होतात का? त्यांच्याजवळ कुणी होतं का?"

भिंगला उत्तर माहीत होतं. उतरले असते तर शिंग उचललं असतं. रस्त्यावर राहिलेलं शिंगच सांगत होतं की कुणी उतरलं नव्हतं. तरी तोही उस्तादांच्या तोंडाकडे बघत होता. या एकाच वेळी म्हाताऱ्याने खोटं बोलावं, असं त्याला मनापासून वाटलं.

"नाही," उस्ताद म्हणाले. "उतरलो नाही."

आईने मान हलवली. बत्तीस वर्षं ती स्वतःला सांगत आली होती की कुणीतरी थांबलं असेल, पाणी पाजलं असेल. ते आता संपलं. ती खुर्चीवर बसली, जी पाहुण्यासाठी ओढली होती तिच्यावरच.

"सोडा ते दार," ती म्हणाली.

उस्तादांनी हात काढला. दार फिरलं आणि धाडकन आपटलं. उस्ताद दाराच्या आतच राहिले, आणि कुणी त्यांना बसा म्हणालं नाही, की जा म्हणालं नाही.

आई भिंगकडे वळली. गाडीचं काय, संग्रहालयाचं काय, डॉक्टरबाईंना काय सांगायचं, यातलं तिने काहीच विचारलं नाही.

"ते काढून आण," ती म्हणाली. "त्या गाडीला यांनी केलेलं लाव, आणि ते केलेलं आहे असं कागदावर लिही. आपलं ते घरी आण. दार आपटतंय."